जड झाकणाचा फ्रीजर

आये, काल आपल्या घरात फ्रीजर आला. फ्रीज नाही हां, फ्रीजर. आडवा, पेटीसारखा, वरून झाकण. तू असतीस तर म्हणाली असतीस, ह्यात झोपायचं कोणी? मी इतकी खूश आहे की सकाळपासून उगाच झाकण उघडून आत बघते, आणि नात ओरडते, "आजी, गारवा जातो ना!" म्हणून म्हटलं हात कशात तरी गुंतवावा, तुला लिहावं. अक्षर वाकडं येईल. दुसरीनंतर मी शाळेत होते कुठे, तुझ्याबरोबर टोपली घेऊन मालाडच्या बाजारात बसायचे.

नात म्हणजे माझ्या लेकाची पोरगी. तू गेल्यावर पुष्कळ वर्षांनी झाली. तिला वाद घालताना बघितलं असतंस तर म्हणाली असतीस, ही माझीच. ती इथे मनोरीत मासळी साफ करते, तुकडे करून मसाला लावून पाकिटं भरते आणि बोटीने पलीकडे जाऊन मालाडच्या बिल्डिंगींत पोचवते. बायका मोबाईलवर सांगतात, ही नेऊन देते. झकास चाललेलं. पण पहिला फ्रीजर तिने स्वस्तातला घेतला होता, चकचकीत बघून. पावसाळ्यात वीज गेली, आणि परत आली तरी तो काही उठला नाही. मासेमारी बंद म्हणून साठवलेली सुरमई, हलवा, सगळ्याची वाट लागली. एकेका गिऱ्हाइकाला फोन करून पोरीने माफी मागितली. मग माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आजी, अजून एकदा असं झालं ना, तर बंद करते सगळं. मॉलमध्ये नोकरी बघते." मासळीतली पोर मॉलमध्ये कपडे घड्या घालत उभी राहणार.

आणि काल दुकानात गेलो तर ही परत स्वस्तापाशीच उभी! "हा ऑफरमध्ये आहे गं आजी. पैसे उरले तर पाकिटांना होतील." तेव्हा मला तो बर्फ आठवला.

तूही विसरली नसशील. तू मला बर्फ आणायला धाडलं होतंस आणि हातगाडीवाला कमी भावात देत होता म्हणून मी मोठी शहाणी, त्याच्याकडून लादी घेतली. पांढरीफेक, भुसभुशीत. पापलेटांवर रचली, बोटीतून आलो, बसमधून आलो, बाजारात टोपली उघडतो तर नुसतं पाणी. तू पापलेट उचलतेस, कल्ला उघडून नाकाशी नेतेस, परत टोपलीत ठेवतेस. समोर नेहमीची बाई पिशवी घेऊन उभी. "ताजं आहे ना गं?" आणि तू म्हणतेस, "आज नाय बाय. आज त्या शेजारणीकडून घे." ती शेजारीण, जिच्याशी जागेवरून तुझं रोजचं भांडण! ती तर बघतच राहिली. मला वाटलं, घरी मार मिळणार. पण परतीच्या बोटीत तू एवढंच बोललीस, "बर्फ निळसर बघावा गो. पांढऱ्यात वारा भरलेला असतो. मासली ज्याच्या भरवशावर ठेवायची, त्याच्यात घासाघीस करू नये. घासाघीस मासलीत कर."

तर दुकानात मी झाकणं उचलून बघितली. स्वस्ताचं पापडासारखं हललं. दुसऱ्याचं जड, सोडल्यावर हळूच बसलं आणि कडेचं रबर घट्ट चिकटलं. डोकं आत घालून वासही घेतला. दुकानातला माणूस हसला, "आजी, नवा आहे, वास कसला येणार?" म्हटलं, "सवय आहे बाबा." मग वीज गेली तर गारवा किती धरेल, खाऱ्या हवेत पत्रा टिकेल का, बिघडला तर माणूस मनोरीपर्यंत येईल का, सगळं विचारलं. त्याने बिचाऱ्याने नीट सांगितलं, कुठे कुठे फोन करून खात्री केली. मला अर्धं कळलं, नातीला पुरतं कळलं, तरी तिचं मन स्वस्ताकडे ओढत होतं. तेव्हा मी म्हटलं, "मासळी ज्याच्या भरवशावर ठेवायची, त्याच्यात घासाघीस करू नये. घासाघीस मासळीत कर." पोरीने स्वस्ताचं झाकण खाली सोडलं. मग त्या माणसाकडे वळून म्हणाली, "जड झाकणाचा द्या." आणि बिल करताना माझ्याच तोंडून निघालं, "दादा, शेवटचं किती?" नातीने असं कोपर मारलं म्हणतेस!

बोटीतून उतरवताना अख्खी जेटी बघायला जमली. कोणी ओरडलं, "म्हातारे, नवीन होडी घेतलीस काय?" आता तो भिंतीशी हळू गुरगुरतोय. नात पाकिटं रचतेय, मॉलचं नाव तिच्या तोंडात नाही.

हे तुला कुठल्या पत्त्यावर धाडू? तांदळाच्या डब्याखाली ठेवीन. तुझ्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच एक सांगते. घरी येताना नातीने विचारलं, "आजी, काय भारी बोललीस गं! कुठे शिकलीस?" मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "शिकायला कशाला लागतं, मला आपलं सुचतं." तुझं नाव घेतलंच नाही, आये.