वाक्य पुरं होईपर्यंत

नेपानगर, मंगळवार, ८ फेब्रुवारी २०२२

चि. प्रतिभास, आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझी आत्या काल काय करून आली ते वाच आणि मला शाबासकी दे. रविवारी हळदीकुंकवाला तू माझ्या स्वयंपाकघरात तिळगुळाचा डबा धरून उभी होतीस आणि म्हणालीस, की आत्या, मला ऑनलाइन... आणि अडकलीस. मी म्हटलं, नको ना, ठाऊक आहे मला. पुढे बोलायची गरजच नव्हती. दोन वर्षं घरात बसून मोबाईलवर बीएस्सी करायची, ही काय शिकायची रीत झाली?

तुझ्या पिशवीतला कॉलेजचा फॉर्म मी ठेवून घेतला होता. 'वर्गात येऊन' या चौकोनात खूण केली, पालक म्हणून सही ठोकली आणि काल बुऱ्हाणपूरला जाऊन कॉलेजच्या खिडकीत देऊन आले. मग दादाला फोन लावून चांगलं फैलावर घेतलं. माझी पदवी घरच्यांनी प्रायवेट फॉर्म भरून उरकली. कॉलेज मी पाहिलं ते परीक्षेपुरतं. तुझं तसं होऊ देणार नाही.

तुला फोनपेक्षा पत्र सोपं, हे तू सात वर्षांची असल्यापासून आपलं ठरलेलं. तुमच्या गावचा धर्मेंद्र इथल्या कागद मिलमधली ड्यूटी करून फोपनारला परतताना हे देईल. माया आहे तेवढी राहू दे, शाबासकी जास्तीची पाठव.

तुझी,
छायाआत्या

फोपनार, ९ फेब्रुवारी

चि. सौ. छायास आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलूच दिलं नाहीस, म्हणून लिहितो. पोरगी माझी आणि सही तुझी, हा कुठला कायदा? ऑनलाइन ठीक चाललं होतं. घरी राहून शिकत होती, मार्क चांगले पडत होते. बसमध्ये कंडक्टरला गावाचं नाव सांगताना ती रडकुंडीला येते, हे तू पाहिलेलं नाहीस. मी पाहिलं आहे.

आता वर्गात जायचा हट्टच असेल, तर कॉलेज बंद. शाहपूरचा रिश्ता दिवाळीपासून विचारतो आहे. केळीवाले चांगले लोक आहेत आणि तिच्या अडखळण्याचं त्यांना काही नाही. येत्या रविवारी बघायला या, असं मी कळवून टाकलं. तू चहापुरती ये, भांडणापुरती येऊ नकोस.

राग मानू नये. मी मानला आहे, तेवढा दोघांना पुरेल.

सुधाकर

फोपनार, १० फेब्रुवारी

ती. आत्यास, प्रतिभाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आत्या, माझं वाक्य तू चुकीचं पुरं केलंस. मला ऑनलाइनच शिकायचं आहे, हे सांगत होते मी.

पहिल्या वर्षी मी वर्गात बसत होते ना, तेव्हा हजेरीला 'प्रेझेंट सर' म्हणायचं असायचं. माझ्या ओठांवर 'प्र' तेवढा अडकून राहायचा आणि सर पुढच्या नावावर जायचे. चाळीस दिवस मी वर्गात बसून गैरहजर होते. ऑनलाइनमध्ये रोल नंबर टाईप केला की झालं. आणि प्रश्नसुद्धा टाईप करता येतो! केळीला बी नसताना जात बदलते कशी, हे मी विचारलं, तर सरांनी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि अर्धा तास त्यावरच शिकवलं. आता सर तास संपवताना विचारतात, की प्रतिभाचा प्रश्न राहिला का. वर्गात मला कुणी ओळखत नव्हतं, आत्या. मला एमएस्सीसुद्धा असंच करायचं आहे.

फॉर्म सोमवारी चारपर्यंत बदलता येतो, पण वडिलांनी खिडकीसमोर सही करायला हवी. काल मी आप्पांपुढे उभी राहिले. शाहपूरच्यांना येऊ देऊ नका, म्हणायचं होतं. आप्पा, शाहपूर... एवढं निघालं आणि तेच म्हणाले, की पसंत आहे ना, वाटलंच मला. आईनं लगेच देवापुढे साखर ठेवली. मला इतका संताप आला की मी न जेवता झोपले, तर आई म्हणाली, लाजली पोर.

रविवारला तीन दिवस आहेत. मला भीती वाटते. लोभ कमी करू नकोस, पण काहीतरी कर.

तुझी,
प्रतिभा

नेपानगर, ११ फेब्रुवारी

चि. प्रतिभास आशीर्वाद.

पत्र वाचून मला माझीच लाज वाटली. तुला मदत करते अशा थाटात मी पंधरा वर्षं तुझ्या तोंडचा घास पळवत आले. माझी अर्धी राहिलेली इच्छा मी तुझ्या फॉर्मवर भरली, झालं ते एवढंच.

आत्ता उठून फोपनारला यावं आणि दादाला सगळं सांगावं, असं फार वाटलं. चपला घातल्याही होत्या. मग काढल्या. मी सांगितलं तर ते पुन्हा माझंच सांगणं होईल, आणि दादा माझ्याशी भांडण्यात तुला विसरेल. त्याला वेगळी चिठ्ठी देते आहे. त्यात एकच ओळ आहे: पोरीचं पुरं ऐक.

बाकीचं तुलाच करावं लागेल, बाळा. माझा जीव तुझ्यापाशी आहे.

छायाआत्या

फोपनार, सोमवार, १४ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

शनिवारी सकाळी मी बागेत गेले. आप्पा केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं कापत होते. मी सुरुवात केली. त्यांनी एकदा पुरं केलं, दोनदा पुरं केलं. तिसऱ्यांदा ते तोंड उघडताहेत म्हणताना मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. आप्पांच्या तोंडावर, आत्या! कापलेली पिलं उचलून माझ्या हाताला चीक लागला होता, तो त्यांच्या मिशीला लागला.

मग मी बोलले. शाहपूरच्यांना येऊ देऊ नका. मी घरी बसून शिकेन, पण शिकायला बसेन, रिश्त्याची वाट बघायला नाही. एवढ्याला किती वेळ लागला, देव जाणे. आप्पा कोयता खाली ठेवून ऐकत होते. शेवटी म्हणाले, की मला वाटायचं मी तुझे कष्ट वाचवतो. त्यांचे डोळे भरले होते. दुपारी त्यांनी स्वतः शाहपूरला फोन करून नाही म्हणून सांगितलं. आई अजून रुसली आहे.

आज खिडकीत बाबूनं माझं नाव विचारलं. मागे मोठी रांग होती. आप्पांनी सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. नाव मीच सांगितलं. रांगेतले लोक कुरकुरले, तर कुरकुरू देत. सही झाली.

आता नवीन संकट. मार्चमध्ये ऑनलाइन तासाला प्रत्येकानं माईक चालू ठेवून पाच मिनिटं बोलायचं आहे, टाईप केलेलं चालणार नाही. मी माघार घेणार नाही, पण आधी कुणासमोर तरी बोलून बघायला हवं. माझ्यावर रागावली नसशील, तर सांग कुणासमोर.

तुझी,
प्रतिभा

नेपानगर, १५ फेब्रुवारी

चि. प्रतिभास अनेक, अनेक आशीर्वाद.

या पत्राला पत्रानं उत्तर देऊ नकोस. रविवारी दुपारी मला फोन कर आणि तुझी पाच मिनिटं मला ऐकव. पाचाची पंचवीस झाली तरी मी कुठे जात नाही. मला तुझा आवाज ऐकायचा आहे, पोरी. इतक्या वर्षांत मी तो कधी पुरता ऐकलाच नाही.

मी फक्त हॅलो म्हणेन.

तुझी,
छायाआत्या