दहापैकी दोन

नांदेड, २ ऑगस्ट १९९९

चि. हनुमंत यास ताईचे अनेक आशीर्वाद.

साखराआत्याचं दुखणं थांबलं असं मागच्या पत्रात लिहिलं होतं, ते चूक. आधी दुरुस्त करून घे. दवाखान्यातल्या तिच्या कागदावर ‘वेदना नाहीत’ वाचलं आणि तिच्या मुठीत आवळलेली चादर न बघताच तुला कळवलं. घरात पहिली शिकलेली ना मी, माणसापेक्षा कागदावर विश्वास जास्त.

कॅन्सर हाडांत गेलाय, आता बरं होणं नाही, हे तुला ठाऊकच आहे. मोठे डॉक्टर दर गुरुवारी येतात आणि आजी कशा आहात असं दारातूनच विचारतात. आत्या पदर सावरून सांगते, तुमच्या कृपेनं बरं हाय. साहेब खूश, कागद खूश. महानंदा सिस्टर म्हणतात, कागदावर दुखतच नाही तर दुखण्याचं औषध देऊ कसं. भूकंपात ढिगाऱ्याखालून काढायला आलेल्या जवानालाही आत्यानं बरं हाय असंच सांगितलं होतं. त्यानं ऐकलं नाही, उचलून बाहेर काढलं. फार शिकलेला नसावा.

तुझी ताई,
अयोध्या

लातूर, ५ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न.

दुरुस्ती पोचली, अर्धा मार्क कापला. मी इथं क्लासमध्ये दिवसभर पेपर तपासायलोय. लातुरात आकड्याशिवाय कुणी कुणाकडं बघत न्हाई. तू पण आत्याला विचार, दुखणं दहापैकी किती. आकडा दिसला की साहेब थांबून वाचतील.

रागावलीस तरी लोभात कपात करू नको.

तुझा,
हनुमंत

नांदेड, ९ ऑगस्ट

चि. हनुमंत यास अ. आ.

घेतली तुझी परीक्षा. आत्या म्हणाली, दोनच लिही. उरलेले आठ हनुमंताच्या क्लासमधल्या लेकरांना दे, त्यांना डॉक्टर व्हायचंय. तुझा निकाल यंदा चांगला लागणार.

मग आकडा सोडून विचारलं, ढिगाऱ्याखाली जास्त दुखत होतं की आता. मग म्हणाली, तिथं एकच पाय दबला होता, बाई. आणि हे साहेबांना सांगू नको म्हणाली, त्यांना वाईट वाटंल.

तिचं बोलणं तारीख-वेळ घालून जसंच्या तसं वहीत उतरवलंय. खाली सिस्टरनी सही केली. साहेबांसाठी खुर्ची पलंगापाशीच ठेवते म्हणाल्या. आत्यानं पदर सावरायच्या आत मी बोलणार, आणि औषध लिहून झाल्याशिवाय त्यांना उठू देणार नाही.

तुझा लोभ त्या दिवशी जरा जास्त लागेल: गुरुवार, १२ ऑगस्ट, सकाळी दहा.

तुझी ताई,
अयोध्या