मनुबाईंचं सोल्डर

८ एप्रिल
परत आली! जतकडची विजेच्या मीटरची सगळी खोकी. तक्रार एकच – मीटर पळतात. आणि कुपवाडला, आमच्या टेस्टिंगच्या टेबलावर लावली की अगदी शहाण्यासारखी बरोबर. डोकं फुटायची वेळ आली.

कारखान्याचे मालक, लालासाहेब, यांनी कारण ठरवूनही टाकलंय. मीटरमधल्या सर्किटच्या पाटीवर ज्वारीच्या दाण्याएवढा एक रेफरन्स असतो. त्याचं व्होल्टेज पक्कं धरून मीटर बाकी सगळं मोजतं. तो घसरला की मीटर पळालंच. तो पाटीवर सोल्डर करतात, म्हणजे वितळत्या कथलानं जोडतात, मनुबाई. त्यांनी तो जास्त तापवून भाजला, म्हणून जतच्या उन्हात घसरतो – इति मालक.

मी एवढंच म्हणालो, की उष्णतेनं प्रत्येक रेफरन्स थोडा सरकतोच. त्यांनी ‘सरकतो’ तेवढंच ऐकलं.

११ एप्रिल
मनुबाईंना घरी बसवलं. सगळ्यांसमोर. त्या मालकांकडं नाही, माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणालो, तपासून सांगतो. तपासून! टेस्टिंगचा साहेब ना मी. मालक म्हणतील ती पूर्व दिशा.

१२ एप्रिल
झोप नाही. जेवण नको वाटतं.

१५ एप्रिल
परत आलेली मीटरं भट्टीत ठेवली, साठ अंशाला. केसभर फरक. सोल्डर भिंगाखाली पाहिलं – मनुबाईंचंच सगळ्यात साफ. पण साफ दिसलं म्हणजे भाजलं नाही असं थोडंच? पुरावा हवा. असं मीच मला बजावलं.

दुपारी फाटकाशी मनुबाईंची मुलगी पूजा उभी होती. आई जेवत नाही म्हणाली. गल्लीत लोक विचारतात, बाई, काय बिघडवून आलीस? पोरीनं सरळ विचारलं, “आईची चूक हाय का, सर?”

अजून कळलं नाही म्हणालो. माझी मलाच किळस आली.

१७ एप्रिल
काही सापडत नाही. सापडणारही नाही. मला हे काम येतच नाही बहुतेक.

१८ एप्रिल
सापडलं. आनंद कसला!

सकाळी लवकर गेलो. टेबल चालू केलं आणि ते तापायची वाट न बघता जतचं एक मीटर चढवलं. पळालं! तासाभरानं पुन्हा पाहिलं तर तेच मीटर बरोबर. म्हणजे सरकतंय ते आमचं मास्टर मीटर! ज्याच्याशी ताडून आम्ही बाकी सगळी जुळवतो, तेच.

मास्टरच्या पाठीमागं हात घातला – तवा नुसता. हवेच्या जाळीत झेंडूची माळ ओढली गेलेली, वाळून भुगा झालेली, पंखा जाम. खंडेनवमीला लालासाहेबांनी स्वतः घातलेली माळ. पूजेची, त्यातून मालकाच्या हातची, काढणार कोण? रोज पुढून फडकं मारलं, मागं कुणी पाहिलं नाही. मीही नाही. आत मास्टरचाच रेफरन्स तापून घसरत होता आणि आम्ही प्रत्येक मीटर त्या घसरलेल्या मापाला जुळवून बाहेर पाठवत होतो. जतच्या उन्हाचा काही संबंधच नाही; तक्रार तिथून आधी आली, एवढंच. चोर सोडून संन्याशाला फाशी!

मालकांना नेऊन दाखवलं. त्यांनी माळेचा भुगा उपसून काढला. मग म्हणाले, “बोलवून घ्या बाईंना.”

१९ एप्रिल
मनुबाईंच्या घरी जाऊन आलो. माळेचं, पंख्याचं, सगळं सांगितलं. उद्यापासून कामावर या म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा दिला. येणार नाही म्हणाल्या.

“सायेब, माजा हात तुमी इतकी वर्सं बघताय. माजी चूक न्हाई, हे तुमाला मशिननं सांगाय लागलं व्हय?”