चुन्याचे दोन ठिपके

॥ श्री ॥

बावडा, ता. इंदापूर
१५ मे १९५६

प्रिय पद्मा,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. गाय व्याली, कालवड झाली. धाकट्याला घामोळ्यांनी हैराण केलं होतं, आता जरा उतार आहे. आमच्या ह्यांनी कारल्याचा मांडव मोडला आणि वांग्याची रोपं टाकली. तुझ्याकडे वकीलसाहेब आणि मुलं खुशाल असतीलच. इंदिराची खुशाली निराळी विचारत नाही. ती तुझ्या समोरच्याच घरात राहते आणि मुलींची शाळा सुटली की तुझ्या ओट्यावर असते, तेव्हा तुझी खुशाली कळली की तिचीही कळतेच.

छबूवन्सांच्या हाती आंब्यांची करंडी पाठवते आहे. माझ्या थोरल्या नणंदेची ओळख तुला करून द्यायला नको, तुमच्याच आळीत त्यांचं घर. आखितीच्या सणाला आठ दिवस माहेरी आल्या होत्या, उद्याच्या एस्टीनं बारामतीला परत निघतील. करंडीत वरच्या थरात केळ्या आहे, लांबट असतो तो. त्याचा रस काढ. मधल्या थरात शेपू. त्याला शेपूच्या भाजीचा वास येतो म्हणून वकीलसाहेब नाक मुरडतील, पण मुलं चोखून चोखून खातील. कोयी टाकू नकोस, चुलीत भाज, आपण भाजायचो तशा. तळाला काय आहे ते शेवटी सांगते. आधी तळ उपसू नकोस, तुला ती खोड आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

वन्सं आल्या त्या दिवशी चपला काढायच्या आधी तुझ्या चैत्रातल्या हळदीकुंकवाचं कौतुक सुरू झालं. "वैनी, काय ती गौरीची आरास, काय ते पन्हं! अन् पद्माबाई लई ग्वाड बोलती बगा. समद्या बायकांस्नी बसवून ल्हानपनीची गोष्ट सांगितली. हसून हसून प्वाट दुकलं."

मी भाकरी थापत होते. म्हटलं, कसली गोष्ट?

"आंब्याची! ती अन् ती शाळंतली इंदिराबाई, दोगी इंदापुरात ल्हान हुत्या, तवा कुना म्हातारीचं आंबं चोरून त्यांनी आढी घातली हुती म्हनं. इंदिराबाई माकडावानी झाडावर चडायची."

दोघी! माझी भाकरी तव्यावर करपली आणि वरून सासूबाईंची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

पद्मा, तुझ्या त्या आंब्याच्या डाळीतल्या कैऱ्या कुणाच्या होत्या? वन्सांनी पाडव्यानंतर आमच्याच झाडांच्या पिशवी भरून नेल्या होत्या, तुलाच द्यायला म्हणून. म्हणजे तुझ्या डाळीत मी होते, पन्ह्यात मी होते, आणि गोष्टीत तेवढी नव्हते. डाळ आंबट झाली होती असं वन्सं म्हणाल्या. ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

इंदिरा झाडावर चढली म्हणे! फळा पुसायला स्टुलावर उभी राहिली तरी जिला घेरी यायची ती इंदिरा? त्या म्हातारीचा, आपल्या ठमाबाईचा, शेंदऱ्या आंबा ओढ्याच्या काठी होता आणि त्याची पहिली फांदी दीड पुरुष उंच. त्यावर मी चढत होते. मी वरून टाकायची, तू परकराच्या ओच्यात झेलायचीस, आणि इंदिरा ओढ्याच्या वाटेवर उभी. कुणी आलं तर तिनं खोकायचं ठरलेलं, आणि बाईसाहेबांना ऐनवेळी शिंक यायची. हे सगळं तू विसरलीस? आणि आढीचं म्हणशील तर तुझ्या वडिलांच्या, मास्तरांच्या घरात वाळलं गवत आलं कुठून? आमच्या गोठ्यातून तीन खेपा मी घातल्या. एक थर गवत, एक थर आंबे, आंब्याला आंबा टेकू द्यायचा नाही, हे तुम्हा दोघींना शिकवलं कुणी? तुमच्या सरपणाच्या खोलीत दुपारी आपण तिघी गवतात नाक खुपसून वास घ्यायचो आणि शपथ घालायचो, उघडायची तर तिघींनी मिळून.

तुला आणखी काय काय आठवतं कोण जाणे. नदीच्या वाळूतली खरबुजं यायची, ती आपण तुझ्या आईनं दिलेल्या गुळाशी खायचो. फुटलेल्या कोयी दगडावर घासून पुंग्या करायचो. माझी पहिल्या फुंकीत वाजायची. इंदिराची कधी वाजली नाही, मग तू तुझी तिला द्यायचीस. मला कधी दिली नाहीस. माझी वाजायची हा काय माझा गुन्हा झाला?

आणि सगळ्यात झोंबलं ते पुढचंच. वन्सं म्हणाल्या, गोष्ट ऐन रंगात आली आणि पद्माबाई मधेच थांबली. "माज्याकडं बगितलं, भांडं उचलून पानी प्याली, अन् म्हनली, आमी दोगीच होतो." माझ्या नणंदेकडे बघून! मी म्हटलं, हे मुद्दाम. मला, या रतनला, ऐकू जावं म्हणून माझ्या माणसासमोर सांगितलं. चार दिवस मी हेच पोटात घेऊन वावरले. ह्यांनी दोनदा विचारलं, तुझं डोकं दुखतंय का? म्हटलं, व्हय.

*

इथवर सकाळी लिहिलं आणि कागद पिठाच्या डब्याखाली ठेवला. वाटलं होतं एवढंच पाठवावं. मग करंडी भरायला बसले. आता भरून झाली आहे, मुलं झोपलीत, वन्सं ओसरीवर पान खात बसल्यात.

वन्सांनी सांगितलेलं मी तुला पुरतं लिहिलेलं नाही. तू कशावर थांबलीस ते मधलं गाळलं. ते लिहायचं तर आधी दुसरं लिहावं लागतं.

त्या सालच्या माघात आमचा आजा गेला होता. आखितीला त्याच्या नावानं पहिला आंबा ठेवल्याशिवाय घरात कुणी तोंडाला आंबा लावायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. तुला माहीत होतं, मीच सांगितलं होतं. त्या साली आखिती उशिरा होती आणि आढी आधीच पिकायला लागली. मी मोठेपणानं म्हटलं, तुम्ही दोघी खा, मी नुसती बघत बसेन. पण म्हटलं ते तोंडानं. पोटात जळत होतं.

पाचव्या दिवशी मी एकटीच तुमच्या मागच्या दारानं आत शिरले. नुसता वास घ्यायचा होता, देवाशपथ. गवत सारलं तर सगळ्यात मोठे दोन आंबे कडेला काढलेले, गालावर शेंदूर उतरलेला, आणि दोन्हींवर चुन्याचा ठिपका. सकाळीच मी तुम्हा दोघींना विहिरीवर कुजबुजताना पाहिलं होतं आणि मी आल्यावर तुम्ही गप्प झाला होता. दोघी तुम्ही, आंबे दोन. मला आणखी काय समजायचं होतं?

तशीच ठमाबाईकडे गेले. ती अंगणात शेण कालवत होती. बिचारी पाडाचे आंबे आपण न मागता द्यायची आपल्याला. मी म्हटलं, मास्तरांच्या सरपणाच्या खोलीत बघ. एवढंच. नाव कुणाचं घेतलं नाही, असं मी सोळा वर्षं स्वतःला सांगत आले.

पुढचं तू बघितलंस, पण माझ्या जागेवरून बघितलं नाहीस. मी तिसऱ्या रांगेत होते. ठमाबाई शेणाच्या हातानं शाळेच्या दारात उभी राहिली. "मास्तर, सोताच्या घरात चोर, अन् दुसऱ्याच्या पोरांस्नी शिकिवताय व्हय?" तुझे वडील पांढरे पडले. त्यांनी तुला उभं केलं आणि विचारलं, झाडावर कोण चढलं? तू ओठ मिटून राहिलीस. तेवढ्यात इंदिरा न बोलावता पुढे आली, हात पुढे केला आणि म्हणाली, "मी चढले. आम्ही दोघीच होतो."

सहा छड्या. तिला तीन, तुला तीन. मी पाटीकडे बघत होते. मला तेव्हा दया आली असं लिहिलं तर छान दिसेल, पण दया आली नाही. मला इंदिराचा हेवा वाटला. मार खायला तुझ्या शेजारी ती उभी होती.

जूनमध्ये मास्तरांची बारामतीला बदली झाली. तुमची गाडी आमच्या दारावरून गेली तेव्हा तू हाका मारत होतीस. मी कडब्याच्या गंजीमागे बसले होते. ऐकू आलं नाही असं नंतर तुला सांगितलं, ते खोटं.

आता वन्सांचं पुरतं लिहिते. त्या म्हणाल्या, "दोन आंबं मातुर त्यांनी चुना लावून बाजूला ठिवलं हुतं म्हनं, आखिती झाल्यावर खायाला. एकीनं इचारलं, कुनासाठी वो? तवा ती थांबली, माज्याकडं बगितलं, पानी प्याली."

आखिती होईपर्यंत कुणाला थांबायचं होतं, पद्मा? तुला नाही, इंदिरालाही नाही. दोन्ही आंबे माझे होते.

आणि खोली तिघींनाच ठाऊक होती. दोघींनी सांगितलं नाही, मग उरलं कोण, हे तुम्हाला त्याच दिवशी कळलं असणार. तरी इंदिरानं माझी छडी खाल्ली, तू दर संक्रांतीला तिळगूळ पाठवलास, आणि परवा माझ्या नणंदेसमोर माझं नाव निघू नये म्हणून सगळी गोष्टच बदललीस. आणि मी इथं चार दिवस भाकऱ्या करपवत बसले.

गेल्या आठवड्यात मी इंदापूरला गेले. ठमाबाई मागेच वारली, शेंदऱ्या आहे. तिची सून बनाबाई राखते. या खेपेला मागून आणले, दोनच. करंडीच्या तळाला आहेत, चुन्याचे ठिपके लावून. एक तुझा, एक इंदिराचा. ज्याचा ठिपका मोठा तो तुझा, तिला सांगू नकोस. बघ, अजून माझी खोड गेली नाही. जाऊ दे, मोठा इंदिरालाच दे. तिचा हक्क आहे, पण देताना माझ्या पोटात दुखेल हेही तिला सांग.

एक मागणं आहे. पुढच्या चैत्रात ही गोष्ट सांगशील तेव्हा तिघी म्हण. झाडावर मला चढव. ठमाबाईला कुणी सांगितलं असं कुणी विचारलं तर माझं नाव घे, वन्सं समोर बसलेल्या असल्या तरी घे. घरात चार दिवस बोलणी खाईन. तुमच्या दोघींच्या गोष्टीत मी नाहीच, हे मला त्याहून जड जातं.

पत्र वन्सांच्याच हाती देते आहे. त्यांना वाचता येत नाही. आत्ताच विचारत होत्या, "एवडं काय लिवलंय वो, वैनी?" मी म्हटलं, पद्माला वाचून दाखवायला सांगा.

तुम्हा दोघींतली तिसरी,
रतन