एक्केचाळीस पाकिटं

प्रिय लेस्या,

परवा फोनवर तू म्हणालीस, "त्या म्हाताऱ्याच्या कचेरीतले सगळे कागद मी फाडून टाकणार, आई. मला कोरी पाटी हवी." मी फोन आपटला. आता तुझा शपथविधी आठवड्यावर आलाय, म्हणून राग गिळून लिहिते. त्या कागदांत एक्केचाळीस माणसांची कामं अडकली आहेत, पोरी.

बावीस वर्षं मी आमदार ओरेस्ट पाव्लिकची कचेरी सांभाळली आणि तू त्याच्याच विरुद्ध उभी राहिलीस. चर्चच्या तळघरात पेरोहीच्या, म्हणजे बटाट्याच्या करंज्यांच्या, पाऱ्या लाटताना बायकांनी मला भंडावून सोडलं. "काय गं हॅना, मत कुणाला? पोटच्या पोरीला की पगाराला?" मी पीठ मळत राहिले. कुणाला दिलं, ते तुलाही सांगणार नाही, विचारू नकोस.

शाळेची मुलं कचेरी बघायला आली, की ओरेस्ट विचारायचा, "मी कुणाचा आमदार?" मुलं म्हणायची, "ज्यांनी मत दिलं त्यांचा." हा डोळे वटारायचा. "छे! मग मला मत न देणाऱ्या माझ्याच भावाला मी दारातून हाकलायला हवं." मग नीट बसून सांगायचा. शाळा, दवाखाने, रस्ते प्रांताच्या हातात. सत्तावन्न मतदारसंघ, प्रत्येकाचा एक माणूस विनिपेगला विधानसभेत. ज्यांची माणसं जास्त, त्यांचं सरकार. उरलेल्यांनी त्यांना प्रश्न विचारून हैराण करायचं. आणि घरी परतलं, की पक्ष बाहेर ठेवून कुणाचंही गाऱ्हाणं ऐकायचं. पासपोर्टसाठी आलेल्याला 'हे काम ओटावाच्या केंद्र सरकारचं' म्हणून त्याने कधी कटवलं नाही. खुर्ची द्यायचा नि स्वतः फोन फिरवायचा. अशा माणसाला मी मानते, आणि ते मला लपवायचंही नाही.

तू दोनशे बारा मतांनी जिंकलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तो दाढी करून कचेरीत हजर. मला वाटलं, सामान बांधेल. त्याने कपाट उघडून अडलेल्या कामांची पाकिटं बाहेर काढली, माणशी एक. कागद लोकांचे, त्यांनी हो म्हटल्याशिवाय ते नव्या आमदाराला देता येत नाहीत. त्याने हात झटकले असते, तरी कुणी नावं ठेवली नसती. पण तो एकेकाला फोन लावत बसला. "हरलो तो मी, तुमचं काम नाही. नवीन पोरगी हुशार आहे. देऊ का तिला कागद?"

पलीकडच्या खेड्यातली स्टेफनियाबाई, ओढ्यावरचा पूल खचलाय तिच्या रस्त्याचा, ती इतकी कडाडली की माझ्या टेबलापर्यंत ऐकू आलं. "त्या कालच्या पोरीला? तिला पूल कशाशी खातात कळतं का?"

"नसेल कळत," ओरेस्ट म्हणाला. "पण ती विचारायला लाजत नाही. मी तिला लहानपणापासून बघतोय." ज्या माणसाला तू हरवलंस, तो अर्धा तास तुझी बाजू मांडत होता. शेवटी म्हातारी हो म्हणाली.

असे चाळीस जण झाले. मग तो एक पाकीट घेऊन माझ्याकडे आला. लोकांना बसायला ठेवलेल्या खुर्चीत त्याने मला बसवलं आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मला अहोजाहो केलं. "हॅनाबाई, तुमचे कागद तुमच्या मुलीला देऊ का?"

लेस्या, माझ्या छातीत गाठ आहे. विनिपेगच्या उपचारांची तारीख दोनदा पुढे गेली, म्हणून ओरेस्ट आरोग्यमंत्र्यांना लिहीत होता. ऐन प्रचारात तुझं लक्ष उडू नये म्हणून मी बोलले नाही, आणि माझ्या शब्दाखातर तोही गप्प राहिला. मी त्याला म्हटलं, आधी आई म्हणून तिला लिहिते, मग सही करते. आता सही करणार आहे. फक्त माझं पाकीट वर ओढू नकोस. अर्जांच्या तारखेप्रमाणे ते चौतिसावं आहे, तिथेच राहू दे; पूल आधीचा आहे. पण शपथ झाली की तू मात्र सगळं सोडून आधी घरी ये. मला भीती वाटते गं.

तुझीच,
आई