घराचा रंग आणि सात टॉवेल

३ सप्टेंबर, सकाळी

आज आलेलं: रंगकामाची अंदाजपत्रकं तीन, फुकट. दारावरच्या विक्रेत्याचं एकवीस लाख येन. आजच सही केलीत तर साडेअकरा, म्हणाला. जिथे एका दिवसात साडेनऊ लाख गळतात, तिथे रंग किती टिकणार? स्टेशनाजवळच्या कंपनीचं बारा लाख चाळीस हजार, सोबत गुळगुळीत पुस्तिका. नागासे रंगाऱ्याचं नऊ लाख वीस हजार, साध्या कागदावर पेन्सिलीने. पैकी नुसत्या परांचीचे, म्हणजे घराभोवती उभारायच्या नळ्यांच्या सांगाड्याचे, एक लाख ऐंशी हजार. काम झाल्यावर ती परांची आपल्याकडे राहत नाही, हे विचारून घेतलं.

नागासे ठरला. तीन भाव मागवून मधला घ्यावा म्हणतात. ज्यांना हिशेब येत नाही त्यांनी घ्यावा.

त्याच दिवशी, दुपारी

कारण लिहून ठेवते. गेल्या वर्षी सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला मोठ्या वन्सं आल्या, भिंतीला टेकल्या आणि काळ्या किमोनोची बाही पांढरी झाली. म्हणाल्या, आईच्या घराला पावडर लावतेस का गं? जाताना यांना म्हणाल्या, घराची अशी दशा असेल तर आईबाबांचा देव्हारा मी माझ्या घरी ओकायामाला नेते. एकतीस वर्षं पूर्वजांच्या त्या देव्हाऱ्यापुढे पहिला भात मी ठेवते आहे. १९ ऑक्टोबरला पुढचं श्राद्ध. त्याआधी घर असं दिसलं पाहिजे की वन्संनी तोंड उघडावं आणि तसंच मिटावं.

६ सप्टेंबर

नागासे म्हणाला, काकू, पश्चिमेची परांची शेजारच्या ओगिनोबाईंच्या भाजीच्या वाफ्यात उभी करावी लागेल, तेवढी परवानगी तुम्ही काढा. त्यात काय. काम सुरू होण्याआधी शेजाऱ्यांना टॉवेल देऊन आगाऊ माफी मागायचीच असते. समोरची तीन घरं, बाजूची दोन, मागची दोन. सात टॉवेल. नागासे म्हणाला, मी आणतो, बिलात लावू. नको म्हटलं. लोकांच्या सुखदुःखाला गेल्यावर परतभेट म्हणून आलेले एकोणीस टॉवेल कपाटात कोरे पडलेत.

८ सप्टेंबर

जुने कागद काढून नवे गुंडाळले. वर ब्रशने आमचं नाव, हिराओका. अक्षर चांगलं आलं. सहा उघडून तपासले. सातवा खोक्यातला, जाडजूड, सील शाबूत. ते कशाला फोडा, नुसता वरचा कागद बदलला. सगळ्यांत चांगला, म्हणून तो ओगिनोबाईंना. उत्तम ते दुसऱ्याला द्यावं, हीच बुद्धाची शिकवण.

९ सप्टेंबर

वाटून आले. ओगिनोबाई म्हणाल्या, अहो, कशाला हे? मुळा अजून पेरायचाय, पेरते महिन्याने, खुशाल उभी करा. टॉवेल दोन्ही हातांनी घेतला. एक येन न मोडता परवानगी.

११ सप्टेंबर

ओगिनोबाई सकाळी वाफ्यात मुळा पेरत होत्या. महिन्याने पेरणार होत्या, विसरल्या असतील. वय झालं. हाक मारली तर पाठ वळवली. उपकाराखाली माणूस असंच अवघडतं.

१३ सप्टेंबर

नागासे टोपी हातात घेऊन आला. ओगिनोबाईंनी बजावलंय, आमच्या वाफ्यात एक नळीसुद्धा टेकवायची नाही. टॉवेलच्या खोक्यात चिठ्ठी निघाली म्हणे: आमच्या मामंजींच्या अंत्यविधीस आलात, आभारी आहोत. ओगिनो परिवार.

हे जेवता जेवता म्हणाले, चला, टॉवेल माहेरी सुखरूप पोचला. मग बराच वेळ हसत होते. आज यांना साकेचा दुसरा पेला ओतला नाही.

माझ्या मते चूक त्यांचीच. चिठ्ठी आत ठेवायची, तर तसं खोक्यावर लिहावं.

१४ सप्टेंबर

माफी मागायचं पक्कं केलं. पण आज दिवस अशुभ. उद्या उत्तम आहे.

१५ सप्टेंबर

दिवस उत्तम. पाऊस. ओल्या पायांनी माफी मागू नये. पुढचा असा दिवस २१ ला.

२१ सप्टेंबर

गेले, गोड वड्या घेऊन. ओगिनोबाईंनी दार वीतभर उघडलं. म्हणाल्या, या वड्या कोणी दिल्या होत्या ते आधी सांगा, मग घेते. खरं तर समोरच्या घरातून आल्या होत्या, पण चार दिवस देव्हाऱ्यापुढे होत्या, म्हणजे प्रसादच की. एवढं सांगेपर्यंत दार लागलं.

संबंध सुधारताहेत. निदान बोलल्या.

२९ सप्टेंबर

परांची चढली, पश्चिम सोडून तीन बाजूंनी. रंगाऱ्यांना दहाला आणि तीनला चहा द्यावा लागतो. सातूचा थंड चहा ठरवला, सोबत देवापुढच्या तांदळाच्या चकत्या. नागासे एक चावून म्हणाला, काकू, देवाने ह्या बघून किती दिवस झाले? श्रद्धा कमी आहे माणसाची.

८ ऑक्टोबर

काम पूर्ण. फिकट सायीचा रंग, दृष्ट लागावी असा. एक भिंत कमी, म्हणून चौथा हिस्सा कापा म्हटलं, म्हणजे दोन लाख तीस हजार. नागासेने सत्तर हजार कापले. ओगिनोबाईंच्या रागाने सत्तर हजार वाचवले. देव करतो ते बऱ्यासाठी.

९ ऑक्टोबर, संध्याकाळी

स्टेशनाकडून चालत आले. पुलावरून घर दिसतं. आजवर लक्षात आलं नव्हतं, पुलावरून फक्त पश्चिमेची भिंत दिसते, मुळ्याच्या हिरव्यागार पाल्यावर उभी. कडेला नवा रंग चमकतो, त्यामुळे ती आता आजाऱ्यासारखी दिसते. हे म्हणाले, ताई दर वेळी पुलावर थांबते. म्हणते, इथून आईचं घर दिसतं.

जेवण गेलं नाही.

१० ऑक्टोबर

वन्संना जोडकार्ड लिहिलं. नक्कल इथे ठेवते.

ती. वन्सं यांस सा. नमस्कार. १९ तारखेच्या श्राद्धाला यावे. घराला रंग दिला आहे. देव्हारा पूर्वेच्या खोलीत आहे आणि पूर्वेची भिंत फार छान झाली आहे. तिला खुशाल टेकावे. स्टेशनाहून चालत येऊ नये, पुलावर या दिवसांत वारा असतो. मंदिराकडच्या रस्त्याने टॅक्सीने यावे. टॅक्सीचे पैसे मी देईन. मागे मी असे कधी लिहिले नाही, तेव्हा निकड समजून घ्यावी. कोणत्या गाडीने येता, ते सोबतच्या कोऱ्या कार्डावर उलट टपाली कळवावे.