एकाच झाडाची तिवरं

आये, तिवराच्या एका रोपाची खरी किंमत ऐक: पिशवीभर खाडीचा चिखल, वर्षभर दोन्ही वेळ पाणी, आणि ते मेल्यावर हाताला बसलेला वास. साबणाने जात नाही.

तू गेल्यावर पोशीरच्या आपल्या खाचरात मी नर्सरी काढली. खाडीकाठी तिवरं, म्हणजे खारफुटी, लावायचा ठेका घेतलेल्या एका ठेकेदाराला रोपं द्यायचो. माझ्याकडच्यासारखी एकसारखी रोपं अख्ख्या कर्जत-खालापुरात कुणाकडे नाहीत, असं छातीवर हात मारून सांगायचो. रीत तुझीच. भात निसवलं की तू खाचरात शिरायचीस, वेगळी लोंबी दिसली की उपटायचीस. एकदा मी एक सोडली, तर पाठीत धपाटा. "बियाण्यात भेसळ चालायची नाय रं!" म्हणून मी पेणकडच्या खाडीतलं एक सरळसोट झाड हेरलं आणि सगळं बी त्याचंच घेतलं.

ठेकेदाराने ती खाडीवर लावली, आणि पहिल्याच उन्हाळ्यात सगळी एकदम काळी पडली. उपटली तर मुळं बुळबुळीत, कुजक्या अंड्याची घाण. तिथेच ओकलो. कॉलेजातली एक संशोधक पोरगी ती मुळं तपासायला घेऊन गेली. परत आली नि म्हणाली, "काका, मुळांतली सगळीच बुरशी वाईट नसते. काही खारं सोसायला मदत करते. पण कुठल्या झाडाचं कुठल्या बुरशीशी जमणार, हे बरंचसं रक्तातच असतं. तुमची सगळी एका आईची लेकरं. सगळ्यांची सोयरीक एकाच घरी. ते घर बसलं, सगळी बसली."

ठेकेदाराला मी हे सांगितलं. तो हसला. "शेठ, डोकं नका खाऊ. दुसरा लॉट तयार हाय ना? तोच टाका." मग पाठ फिरवून फोनवर, हळूच, "फोटोपुरती जगली तरी बास." माझे कान तुझ्यासारखेच तिखट, आये. शिसारी आली. त्याची, ओळीत उभ्या असलेल्या त्याच झाडाच्या त्या लॉटची, आणि तुझ्या त्या 'भेसळ' शब्दाचीही. भातात तू बरोबर होतीस. खाडीला खाचराची शिस्त लावायला तू सांगितलं नव्हतंस. त्याला म्हटलं, "नाय जमायचं." तो लॉट मोडला. ठेकेदार आता साजगावच्या दुसऱ्या नर्सरीत जातो.

हे तुला पोचायचं नाही. आणि तू समोर असतीस तर यातलं अक्षर बोलायची माझी छाती झाली नसती.

परवा खाडीवर गेलो होतो. माझी मेली तिथे तिवरं उगवलीत. बुटकी, वाकडी, एकासारखी दुसरी नाही. भरतीने आणून टाकलेलं बी. माझ्या नर्सरीचं त्यात एकही नाही.